आकारांच्या लॅबमधली माणसं

किस्से कसे साठत जातात, ते मला अजून कळलेलं नाही. हार्ड डिस्क भरली की आमचे सर म्हणायचे, "जुनं काढून टाका!" आम्ही काढायचो. स्कॅन गेले, फाइली गेल्या, शेवटी लॅबच गेली. तिथं आता कॉलेजच्या मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. पण जुळे सोलापुरात चहाच्या गाड्यावर आम्ही तिघं भेटलो, की पहिला कप संपायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ते आठवतं का?" आणि झालं सुरू!

तिघं म्हणजे मी, अंबादास आणि सुजाता. सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात आमची ही लॅब होती. काम असं, की एखादी वस्तू चहूबाजूंनी स्कॅन करायची. कॉम्प्युटरवर तिचा आकार बारीक त्रिकोणांच्या जाळीसारखा उमटतो. मग त्या आकाराचं वर्णन आकड्यांत करायचं. आकडे जुळले की आकार जुळला. हे दोन दगड एकाच दगडाचे तुकडे आहेत का, हा पाय त्या बुटात बसेल का, असले प्रश्न कॉम्प्युटरनं सोडवायचे.

आम्ही तिघंही कंत्राटी. कायम नोकरीत फक्त सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख. त्यांना कॉम्प्युटर चालू करता यायचा. बंद आम्ही करायचो!

*

अंबादासच्या घरी मुलीकडची मंडळी आली होती. घर विणकराचं, घरात बोलणं तेलुगू. पण पाहुण्यांमध्ये एकजण पुण्याचा, म्हणून सगळी मराठीत बोलत होती.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "मुलगा काय करतो?"

अंबादासनं पाठ केलेलं उत्तर दिलं. "त्रिमितीय आकारांचं विश्लेषण."

"म्हणजे?"

"म्हणजे वस्तूंची मापं घेतो. कधी माणसांची पण घेतो."

"असं असं. टेलर!"

"नाही नाही. मी शिवत नाही."

"नुसतीच मापं घेता?"

"हो."

"मग शिवतं कोण?"

अंबादासनं पाहुण्यांपुढं पोह्यांची बशी सरकवली. त्याचे वडील जन्मभर मागावर चादरी विणलेले. ते कोपऱ्यातून म्हणाले, "आम्ही पण हेच विचारतो की त्याला!"

लग्न जमलं नाही. पुढं त्या मुलीचं लग्न झालं ते एका लेडीज टेलरशी. दुकान चांगलं चालतं म्हणे. अंबादास तेव्हापासून रेडीमेडच घालतो!

*

नवा स्कॅनर आला तेव्हा उद्घाटनाला एक मोठे पुढारी बोलावले. सरांनी आठवडाभर आमच्याकडून लॅब पुसून घेतली. फीत कापून झाली, नारळ फुटला. पुढारी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चला, माझंच डोकं करा की स्कॅन!"

सर खूश. अंबादासनं साहेबांच्या भोवती स्कॅनर फिरवला आणि डोकं स्क्रीनवर आलं. टाळ्या!

इथं थांबलो असतो तर काही बिघडलं नसतं. पण सरांना राहवेना. "साहेब, आमचं सॉफ्टवेअर आता सांगेल, आपल्या संग्रहातल्या कुठल्या आकाराशी हे डोकं सगळ्यात जास्त जुळतं!"

आमच्या संग्रहात तेव्हा माणसं नव्हतीच. होती ती फळं, भाज्या, भांडी आणि पॉवरलूमचे सुटे भाग. हे आम्हा तिघांना माहीत होतं. सरांना नव्हतं. अंबादास म्हणाला, "सर, नको." सर म्हणाले, "दाब!"

दाबलं.

स्क्रीनवर भोपळा आला.

 साहेबांचा पीए खाली मान घालून चपला बघत होता. सर घाईघाईनं म्हणाले, "टेक्निकल एरर आहे, साहेब! भोपळा डिलीट कर, अंबादास! पुन्हा लाव!"

अंबादासनं आज्ञा पाळली. भोपळा डिलीट केला. पुन्हा लावलं.

रिकामं मडकं आलं!

साहेब हसले. मोठ्या मनाचा माणूस, असं आम्हाला वाटलं. पुढच्या सत्रापासून आमच्या लॅबचा निधी अर्धा झाला.

*

पुढचा प्रोजेक्ट मेंढरांचा. काट्यावर न चढवता, नुसत्या आकारावरून मेंढराचं वजन सांगायचं. मी नातेपुत्याकडचा, आजोळी मेंढरं, म्हणून सर म्हणाले, "तुझ्या घरचंच काम आहे हे!" असल्या वेळीच त्यांना माझं घर आठवायचं.

मामांच्या मेंढरांच्या वाड्यावर स्कॅनर घेऊन गेलो. सर पण आले, पांढरे बूट घालून. आता स्कॅनची अडचण अशी, की वस्तू हलली की आकार बिघडतो. आणि मेंढरू कुणाच्या बापाचं ऐकत नाही! मामांनी एक मेंढरू दोन्ही पायांत धरून ठेवलं, तरी त्यानं ऐन वेळी मान वळवलीच. कॉम्प्युटरनं दोन्ही बाजूंची तोंडं जोडून टाकली. स्क्रीनवर अंग एक आणि तोंडं दोन!

मामांनी वाकून बघितलं. "हे रं काय?"

"मामा, तुमचंच मेंढरू आहे."

मामांनी आधी स्क्रीनकडं बघितलं, मग कळपाकडं, मग सरांकडं. सर तेव्हा फोनवर होते. एका कंपनीला सांगत होते, "प्रोजेक्ट फक्त तुमच्यासाठीच आहे." त्याआधी दुसऱ्या कंपनीला तेच सांगून झालं होतं.

"न्हाय बाबा," मामा म्हणाले. "माझ्याकडं समदी एका तोंडाची हायती. दोन तोंडाचं तुमीच संगट आणलं असंल!"

*

अक्कलकोटच्या पुढं एक गाव आहे. तिथं एक जुनी वीरगळ फुटून पडली होती. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या नावानं उभा केलेला कोरीव दगड. धड होतं, ढाल होती, डोकं कुठं नव्हतं. सरपंच आप्पा आमच्याकडं आले. "तुमचं मशीन तुकडे जुळवतं म्हणे. आमचा वीर जोडून द्या."

काम मनापासून आवडलं होतं आम्हाला. फुटलेल्या कडेचा आकार कुणाला मुद्दाम बनवता येत नाही. एका तुकड्याचा उंचवटा दुसऱ्याच्या खळग्यात बसलाच पाहिजे. गावभरचे पडीक दगड आम्ही स्कॅन केले. पारावरचे, गटाराकडेचे, बांधावरचे. एकही जुळेना. शेवटी सुजातानं आप्पांच्याच परसातल्या धुण्याच्या दगडाकडं बोट केलं. "हा राहिलाय."

जुळला! अगदी केसाइतकाही फरक न पडता. दगड उलटा केला, तर खाली मिशीवाला चेहरा. आप्पांच्या दोन पिढ्यांची धुणी वीराच्या डोक्याच्या मागच्या बाजूला बडवली गेली होती.

आप्पा हात जोडून कानडीतच हो हो म्हणायला लागले. "हौदु, हौदु! माझ्याच घरात होता की हो!"

आम्ही परत आलो, रिपोर्ट दिला. डोकं धडावर बसवा म्हणून लिहिलं. वर्षभरानं त्या बाजूला गेलो, तर आप्पांच्या परसात पत्र्याची शेड, आत डोक्याला शेंदूर, पुढं दानपेटी. बाहेर बोर्ड: "कॉम्प्युटरने सिद्ध केलेले जागृत स्थान."

सुजातानं विचारलं, "आप्पा, धडावर बसवणार होता ना?"

"आता कसं हलवायचं? लोकांची श्रद्धा बसली!"

"मग धड कुठंय?"

तेवढ्यात मागून धप्प धप्प आवाज यायला लागला. जाऊन बघितलं. आप्पांची बायको धडावर कपडे धूत होती.

*

आता सुजाताच्या मुंगीचा किस्सा. हा सांगताना ती स्वतः हसते, म्हणून आम्ही हसतो.

आकार ओळखण्यात एक जुनी अडचण असते. माणूस उभा असला की त्याचे आकडे वेगळे, बसला की वेगळे. कॉम्प्युटरला ती दोन माणसं वाटतात. सुजातानं यावर युक्ती काढली. ती म्हणाली, "अंतर हवेतून मोजूच नका. माणसाच्या अंगावरून मुंगी चालते असं समजा. नाकापासून अंगठ्यापर्यंत मुंगीला जेवढं चालावं लागेल, तेवढं अंतर धरा. माणूस बसू दे, उठू दे, मुंगीची वाट तेवढीच!"

जगात आणखी कुणी असा विचार केला असेलही, पण सुजातानं त्याला जी जोड दिली होती ती तिची स्वतःची होती. अर्धवट तुटलेल्या आकारांवरसुद्धा तिची रीत चालायची. वर्षभर खपून तिनं पेपर लिहिला. सरांनी वाचला आणि म्हणाले, "ती मुंगी काढा. रिसर्चमध्ये किडेमुंग्या शोभत नाहीत." मुंगी गेली. सुजाताचं नाव पहिलं होतं, ते तिसरं झालं. स्पेलिंगही चुकलं. दुसरं नाव सरांच्या मेहुण्याचं होतं. तो बेकरी चालवतो.

पेपरला बक्षीस लागलं. कॉलेजात मोठा सत्कार झाला. सर माइकवर उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रहो, एके दिवशी मी शांत बसलो होतो, आणि माझ्या डोक्यात एक मुंगी आली!"

पुढची सगळी मुंगी त्यांनी सांगितली. नाक, अंगठा, सगळं. शेवटी सुजाताकडं हात करून म्हणाले, "आणि आम्ही कुठल्याही समाजातल्या मुलींना संधी देतो, हे या लॅबचं वैशिष्ट्य आहे!" टाळ्या. सुजाताचे आईवडील दुसऱ्या रांगेत बसले होते. ठेवणीतले पांढरे कपडे घालून, बुद्धविहारातून थेट आले होते. टाळ्या वाजवायच्या का नाही, ते त्यांना कळेना. वडिलांनी वाजवल्या. मग आईनं वाजवल्या.

बाहेर आल्यावर सर सुजाताला म्हणाले, "कसं झालं भाषण?"

"छान झालं सर. फक्त त्या मुंगीचं आश्चर्य वाटतं."

"का?"

"तुमच्या डोक्यापर्यंत पोचायचं म्हणजे केवढं लांब चालली असेल बिचारी!"

पुढच्या सत्राला तिचं कंत्राट वाढवलं नाही. कारण दिलं, "वर्कलोड नाही." तिच्या सॉफ्टवेअरचा पासवर्ड विचारायला मात्र सरांचा फोन आला होता!

*

त्याच्या आधीच्या वर्षी एका ट्रस्टनं कृत्रिम हात वाटायचं शिबिर घेतलं. मापं घ्यायचं काम आमच्याकडं दिलं. मंद्रूपच्या शेवंताबाईंचा उजवा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात मनगटाच्या वर गेला होता. पद्धत अशी, की शाबूत डावा हात स्कॅन करायचा आणि कॉम्प्युटरमध्ये आरशातल्यासारखा उलटा करायचा, की उजवा तयार. जिथं तुटलाय तिथला आकार वेगळा घ्यायचा, म्हणजे आतून टोचत नाही.

सुजाता त्या मापांवर दिवस दिवस बसायची. शेवंताबाई बारीक चणीच्या. एवढंसं मनगट. बोटांची पेरंसुद्धा सुजातानं जशीच्या तशी उतरवली. शेवंताबाई स्क्रीनवर आपला नसलेला हात बघून म्हणाल्या, "बया! ह्यो तर माजाच हाय की!" आणि डाव्या हातानं पदर तोंडाला लावला.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरलेला. हार, फोटोग्राफर, लाडवांची पाकिटं. हातांची खोकी उघडली आणि सुजाताचं तोंड उतरलं. सगळे हात एकाच मापाचे! ट्रस्टनं कुठूनतरी घाऊक मागवले होते. आमच्या फाइली कुणी उघडल्याच नव्हत्या. सुजातानं अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, "अहो मॅडम, हात तो हात! तुम्ही मापं घेतलीत, त्याचे फोटो छान आले की!"

शेवंताबाईंचा नंबर आला. हात पुरुषी, पंजा मोठा, रंग गोरापान. अध्यक्षांनी स्वतः बांधला. सैल होता, लोंबायला लागला. फोटोग्राफर म्हणाला, "बाई, जरा हसा." शेवंताबाईंनी आपला काळा हात आणि तो गोरा हात शेजारी शेजारी धरून बघितले.

अध्यक्षांनी माइक त्यांच्या तोंडापुढं नेला. "मावशी, कसं वाटतंय?"

"लई चांगलं वाटतंय. साहेबांचा हात डोक्यावर असावा, असं समदी म्हंत्यात. आता मला कायमच ठिवता यील."

आणि त्यांनी तो हात सोडवला, डोक्यावर ठेवला आणि लाडवाचं पाकीट डाव्या हातानं घेऊन खाली उतरल्या. हॉलमध्ये टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अध्यक्षांच्या!

*

आणि हा शेवटचा. चहाच्या गाड्यावर हा आम्ही सहसा काढत नाही. सुजाता लॅबमध्ये होती तेव्हाची गोष्ट.

आम्ही चेहऱ्यांचा एक संग्रह केला होता. इकडच्या माणसांच्या डोक्याला नीट बसतील अशी हेल्मेट बनवायची होती, म्हणून. कॉलेजच्या पोरांना बोलावलं, केसांवर टोपी घातली, डोळे मिटायला लावले, स्कॅन केलं. नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, तो पाळला. हेल्मेट काही कधी बनलं नाही. चेहरे तेवढे राहिले. रंग नाही, केस नाहीत, डोळे मिटलेले, सगळे राखाडी.

एक दिवस सकाळीच एक काकू आल्या. जुळे सोलापुरातल्या. नवरा सरकारी नोकरीतून निवृत्त. मुलगा निखिल, आमच्याच कॉलेजचा. टू-व्हीलरच्या अपघातात गेला होता, वर्ष झालं होतं. आम्ही तिघंही त्याला ओळखत नव्हतो.

काकू म्हणाल्या, "एकदा घरी येऊन म्हणाला होता, 'आई, माझा चेहरा कॉम्प्युटरमध्ये ठेवलाय.' म्हणून आले. आहे का हो?"

सुजाता म्हणाली, "असेल काकू. पण नावं नाहीत. आणि स्कॅन फोटोसारखा दिसत नाही. तुमच्याकडं फोटो असतील ना?"

"फोटो आहेत की. भिंतभर आहेत. पण फोटोवरून हात फिरवला, की काच लागते."

 सर त्या दिवशी पुण्याला मीटिंगला गेले होते, म्हणून पुढचं सगळं होऊ शकलं. सुजातानं काकूंना खुर्चीत बसवलं आणि त्यांचाच चेहरा स्कॅन केला. म्हणाली, "मुलाची ठेवण आईशी जुळत असेल, तर कॉम्प्युटर त्याला वर आणेल. तुम्ही बघत जा."

अंबादास कीबोर्डवर बसला. सगळ्यात वर एक चेहरा आला. रुंद कपाळ, लहान हनुवटी. आकडे फार जवळ जुळले होते. काकूंनी तो बराच वेळ बघितला. मग म्हणाल्या, "हा नाही. पुढं."

पुढचा. "नाही." त्याच्या पुढचा. "नाही." अंबादास चेहरे पुढं सरकवत राहिला. यादीत खूप खाली गेल्यावर काकू एकदम म्हणाल्या, "थांब. हा."

मी बघितलं. सुजातानं बघितलं. नाक डावीकडं वाकलेलं. शाळेत असताना क्रिकेटचा बॉल लागून मोडलेलं. चेहऱ्यांचं काम सुरू झालं तेव्हा चाचणी म्हणून सगळ्यात आधी खुर्चीत बसला होता तो अंबादास. चेहरा त्याचाच होता.

सुजातानं तोंड उघडलं. "काकू, हा..."

"हो काकू," अंबादास म्हणाला. त्यानं स्क्रीनवरून नजर काढली नाही. "हाच."

प्रिंटरवर तो चेहरा लावला. तळहाताएवढाच, पांढऱ्या प्लॅस्टिकचा. प्रिंट एका थरावर एक थर चढत निघते, वेळ लागतो. काकू तिथंच बसून राहिल्या. दुपार गेली. आम्ही चहा दिला, तो गार झाला. अंबादास सबंध वेळ त्यांच्याकडं पाठ करून काहीतरी टाइप करत होता. नंतर मी बघितलं, तर फाइल कोरी होती.

प्रिंट निघाली. काकूंनी ती हातात घेतली. कपाळावरून बोट फिरवलं, गालावरून फिरवलं, नाकावर आल्यावर बोट थांबलं. मग ती पदरात गुंडाळून त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. अंबादासच्या खुर्चीपाशी येऊन उभ्या राहिल्या. तो उठून उभा राहिला.

काकूंनी त्याच्या नाकावरून एकदा बोट फिरवलं.

"डबा खाऊन घे," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तसाच पडलाय तुझा."